जुनी सायकल बघायची कशी: मुंबईतल्या नवशिक्यांसाठी

चोर बाजारात पहिल्यांदा जाल तेव्हा खिशात चहापुरतेच पैसे ठेवा. जुन्या सायकलींचा नाद लागलेली बहुतेक माणसं आधी विकत घेतात आणि मग बघायला शिकतात. हा क्रम महाग पडतो. शिवाय मुंबईच्या घरात एका सायकलीला कशीबशी जागा होते, दुसरी आणलीत तर घरचे ती दारातूनच परत पाठवतात. म्हणून बघणं आधी. बघायला पैसे लागत नाहीत आणि सायकल स्वतःची असावी लागत नाही.

माझं मोजमाप सुरुवातीलाच सांगतो. जी वस्तू खोलता येते, खोलून दुरुस्त करता येते आणि पुन्हा जोडल्यावर पूर्वीसारखी चालते, ती चांगली बनवलेली. वय, चकाकी आणि परदेशी नाव यांचा विचार त्यानंतर. हे पटत नसेल तर पुढचं वाचूच नका, कारण सगळा लेख यावरच उभा आहे.

सुरुवात फुटपाथवरून

सकाळी चर्चगेट स्टेशनबाहेर डबेवाल्यांच्या सायकली उभ्या असतात. पाववाल्याची, धारवाल्याची, काही भागांत अजून दूधवाल्याची सायकलही दिसते. या सगळ्या मोठ्या काळ्या सायकलींचा आराखडा इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्का झाला आणि त्यात आजपर्यंत फारसा बदल झालेला नाही. अठ्ठावीस इंची चाकं, सळईचे ब्रेक, पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०. मागे वजन जास्त पडतं, म्हणून तिथे तारा जास्त. ही जुनी ब्रिटिश पद्धत आपल्याकडच्या सायकलींत टिकून राहिली.

अशी एखादी सायकल बाजूने, दहा पावलं लांबून बघा. सीटचा नळा आणि हँडलचा नळा, दोन्ही मागे कललेले दिसतील. पुढचं चाक धरणारा चिमटा खाली येता येता पुढे वळलेला असतो. हा कल आणि हा बाक मिळून सायकल खड्ड्यांतून सरळ आणि थोडी लवचिकपणे जाते. रेसिंग सायकलचे नळे जास्त उभे असतात. ती चटकन वळते, पण तिच्यावर पन्नास किलोचा माल लादून कुणी परळचा पूल चढणार नाही.

आता जवळ जाऊन ब्रेक बघा. इथे केबल नसते. हँडलखालच्या लिव्हरपासून सळया निघतात, सांध्यावर वळतात आणि चाकाला वेढणारी कमान वर ओढतात. ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या, म्हणजे आसाकडच्या बाजूला लागतात. रिम थोडी वाकडी झाली तरी चालतं, केबल तुटायची भीती नाही, आणि दुरुस्तीला एक पाना पुरतो. एकच खोट आहे, आणि ती नेमकी मुंबईत नडते: ओल्या लोखंडी रिमवर हे ब्रेक लागता लागत नाहीत. जुलैत अशी सायकल चालवणाऱ्याने पुढची गाडी आहे त्याहून दुप्पट जवळ आहे असं धरून चालावं.

बघताना सायकलवाल्याशी दोन शब्द बोला, नाहीतर तो तुम्हाला चोर समजेल. “काका, किती वर्षं झाली सायकलला?” एवढं विचारलं तरी पुरतं. बहुतेक वेळा उत्तर येतं की सायकल तीच आहे, पण चाकं, चेन, सीट आणि पायडल सगळं बदललं आहे.

सांधे

सायकलची खरी परीक्षा सांध्यांवर होते. जुन्या चांगल्या सायकलीत नळे एकमेकांना थेट जोडलेले नसतात. प्रत्येक सांध्यावर लोखंडाची एक पोकळ बाही असते, तिला लग म्हणतात. नळा लगमध्ये सरकवायचा, सांधा लाल होईपर्यंत तापवायचा आणि पितळ लावायचं. वितळलेलं पितळ नळा आणि लग यांच्यातल्या अरुंद फटीत आपोआप ओढलं जातं आणि सगळीकडे पसरतं. फट नेमकी असेल तरच हे होतं. जास्त असेल तर पितळ वाहून जातं, कमी असेल तर आत शिरतच नाही. उष्णता कमी पडली तर पितळ नुसतं वर साचतं, जास्त झाली तर नळ्याची ताकद जाते. म्हणजे कारागिराचा हात आत दडलेला आणि पुरावा फक्त काठावर.

म्हणून काठ बघा. अंगठ्याचं नख नळ्यावरून लगकडे हळू सरकवा. काठ सगळीकडे सारखा आणि स्वच्छ लागला पाहिजे, गोळे नकोत, खळगे नकोत. चांगल्या कारखान्यात हा काठ कानशीने घासून पातळ केलेला असतो. तोच सांधा मग खालून बघा, जिथे गिऱ्हाइकाची नजर कधी जात नाही. तिथेही काठ नीट असेल तर समजा की बनवणाऱ्याला कुणी बघत नसतानाही नीट काम करायची सवय होती. याहून भरवशाची खूण मला तरी माहीत नाही.

मग अपघाताच्या खुणा शोधा. हँडलच्या नळ्यामागे, वरच्या आणि खालच्या दांड्याच्या पोटाकडून बोट फिरवा. सायकल समोरून कशावर तरी आपटली असेल तर तिथे हलकी सुरकुती किंवा फुगवटा लागतो, रंग केसासारखा तडकलेला दिसतो. चिमटा बाजूने बघा: हँडलच्या नळ्याची रेघ मनात खाली वाढवली तर चिमट्याचे पाय बाक सुरू होईपर्यंत तिच्यावरच हवेत. मागे गेले असतील तर चिमटा वाकलेला आहे. चिमटा सरळ करून मिळतो. दांड्यावर सुरकुती असेल तर मात्र नवशिक्याने हात जोडून पुढे जावं.

रंगाकडे सगळ्यात शेवटी वळा. जुना काळा रंग थरांवर थर देऊन भट्टीत भाजलेला असायचा. त्यावरच्या सोनेरी किंवा लाल रेघा लांब केसांच्या बारीक कुंचल्याने हाताने ओढत. रेघ जिथे सुरू होते तिथे किंचित जाड, मध्ये एकसारखी आणि टोकाशी निमुळती. स्टिकरची रेघ अथपासून इतिपर्यंत तशीच असते. नंतर रंगवलेली सायकल ओळखायला लगचे काठ बघा. रंगाने बुजलेले, गोलसर झालेले असतील तर ब्रश किंवा पावडर कोटिंग वरून फिरलं आहे. मूळ रंग कोणता होता हे बीबीच्या (पायडलचा आस ज्या आडव्या नळीत बसतो तिच्या) खाली, कॅरिअरच्या क्लॅम्पखाली किंवा हँडलच्या नळ्यावरच्या कंपनीच्या बिल्ल्याच्या कडेला सापडतं.

नाव, गाव, साल

नवशिक्यांचा सगळा जीव बिल्ल्यात अडकलेला असतो. बिल्ला दोन रिव्हेटांवर बसतो आणि दोन मिनिटांत बदलता येतो, त्यामुळे एकट्या बिल्ल्याची साक्ष धरू नका. चेनव्हील, म्हणजे पायडलजवळचं चेन ओढणारं मोठं दातेरी चक्रही बघा. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्यासारखे पक्षी कापलेले असतात, रजच्या चेनव्हीलमध्ये पंजा, हंबरच्या चेनव्हीलमध्ये पाच माणसं. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मूळचा बंदुकांचा कारखाना, म्हणून त्यांची खूण एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. बिल्ला, चेनव्हील आणि चिमट्याचा माथा एकाच घराण्याचे निघाले तर गोष्ट खरी असण्याचा संभव वाढतो.

इंग्लंडची की इथली, हा प्रश्न लगेच येतो. रॅले नॉटिंगहॅमची, पण स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅलेच्या कारखान्यातही रॅले बनू लागल्या. हर्क्युलिस मूळ बर्मिंगहॅमची. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्सने हे नाव चालवलं, आणि बीएसए हे नावही आपल्याकडे त्यांच्याच सायकलींवर आलं. अॅटलस सोनीपतची, हीरो लुधियानाची. आणि मुंबईकराने विसरू नये असं एक नाव म्हणजे हिंद. हिंद सायकल्सचा कारखाना वरळीला होता. १९८० साली केंद्र सरकारने एकाच कायद्याने हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या ताब्यात घेतल्या. बाजारात इंग्लंडच्या शिक्क्याला जास्त भाव मिळतो, पण वरळीत बनलेली आणि अजून चालणारी सायकल समोर आली तर मी नॉटिंगहॅमचा शिक्का बघायला थांबणार नाही.

मागच्या चाकाचा हब (मधला तुंबा) स्टर्मी-आर्चर या इंग्रज कंपनीचा असेल तर तारीख आयती मिळते. तीन गिअरच्या एडब्ल्यू हबच्या अंगावर साल आणि महिना ठोकलेला असतो. ५७ आणि ३ असं दिसलं तर मार्च १९५७. ही तारीख हबची, सायकलची नव्हे, कारण चाक नंतर बदललेलं असू शकतं. या हबमध्ये मधला गिअर सरळ, खालचा त्याच्या तीन-चतुर्थांश आणि वरचा मधल्याहून एक-तृतीयांश जास्त. दातेरी चक्रांचा सगळा खेळ मुठीएवढ्या डब्यात बसवलेला, तेलाचं छोटं टोपण वर, आणि खोलणारा जाणकार असेल तर आतला प्रत्येक भाग सुटा होतो. माझं मोजमाप इथे पुरेपूर लागतं.

सायकलीला नगरपालिकेच्या कराचा जुना पत्र्याचा किंवा पितळी बिल्ला लटकत असेल तर तो काढू नका. सायकल कोणत्या गावातून फिरत आली हे त्यावरून कळतं.

हात आणि कान

पुढचं चाक उचला आणि हलकंच फिरवा. हबमधले छर्रे आणि त्यांना आसावर दाबून धरणारे कोन चांगले असतील तर चाक खूप वेळ फिरतं, थांबताना थोडं मागे-पुढे झुलतं आणि जड बाजू खाली घेऊन स्थिर होतं. मध्येच धरून ठेवल्यासारखं थांबलं तर कोन जास्त आवळलेले आहेत. वाळू दळल्यासारखा आवाज आला तर छर्रे किंवा ते ज्यात फिरतात ते कप झिजले आहेत. छर्रे स्वस्त असतात, हबचा कप झिजला असेल तर काम वाढतं. रिम धरून डावी-उजवीकडे हलवा, खडखड नको. तारांवरून नख फिरवा. एका बाजूच्या तारांचा सूर साधारण सारखा हवा. एखादी तार बद्द वाजली तर ती ढिली आहे. चाकाचा आउट (वाकडेपणा) काढताना मिस्त्री हेच कानाने ऐकत असतो.

मग पायडलवर जोर देऊन बघा. प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टक’ झालं तर बहुधा क्रँकची (पायडलच्या दांड्याची) कॉटर पिन, म्हणजे त्याला आसावर घट्ट धरणारी खिळी, ढिली आहे. ही किरकोळ दुरुस्ती आहे, पण भाव करताना तोंडावर हसू आणू नका.

सीट चामड्याची असेल तर खालून बघा. ब्रूक्स ही बर्मिंगहॅमची कंपनी १८६६ पासूनची. तिच्या सीटवर जाड चामडं तांब्याच्या रिव्हेटांनी लोखंडी चौकटीवर ताणलेलं असतं. रिव्हेटच्या भोकांपासून तडे निघाले असतील तर ती सीट फक्त बघण्यापुरती उरली. बसणाऱ्याच्या हाडांचे दोन खळगे पडलेले असतील तर घाबरू नका, ते पडायचेच. नाकाखालचा नट उठसूट आवळायचा नसतो आणि चामडं तेलात भिजवायचं तर नसतंच. तेलाने ते मऊ पडून झोळी होतं. मेणासारखं ड्रेसिंग बोटाने लावा, थोडंच. पावसाळ्यात बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाऱ्यावर ठेवा.

एवढं जमलं की हीच नजर घरातल्या वस्तूंवर वळवा. आईच्या शिलाई मशीनचं चाक हाताने फिरवून सुई कुठे घासते का ते ऐका. कपाटात पडलेल्या एचएमटीला चावी देताना दाते एकसारखे लागतात का ते बघा. अडकित्त्याचा रिव्हेट बघा, दोन्ही पाती टोकापर्यंत मिळतात का ते बघा. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुलं झालं आणि हस्तकलेच्या वस्तू दाखवणं हेच त्याचं मूळ काम. तिथे काचेबाहेरून सांधे शोधण्याचा सराव चांगला होतो. निव्वळ सायकलींसाठी मात्र पुणं गाठा. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे आणि दुसऱ्या महायुद्धातली छत्रीधारी सैनिकांची घडीची बीएसए तिथे बघायला मिळते.

आता पैसे घेऊन जा

ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून चालत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटला जाता येतं. शुक्रवारी तिथली नेहमीची दुकानं बंद असतात, पण भल्या पहाटेपासून रस्त्यावर जुना बाजार भरतो. सुटे भाग, घंट्या, दिवे, डायनॅमो यांच्यासाठी तो चांगला. ल्युकसची जुनी घंटी मिळाली तर वाजवून घ्या. आवाज लांबत गेला पाहिजे, घोगरा आला तर वाटीला तडा असेल.

अख्खी सायकल मात्र बाजारापेक्षा इमारतीच्या जिन्याखाली जास्त चांगली मिळते. गिरगाव, दादर, पार्ले, ठाणे, कुठल्याही जुन्या इमारतीत विचारा. विचारायची रीत सांभाळा. “आजी, ही सायकल कुणाची हो?” इथून सुरुवात करा. ‘भंगार’ हा शब्द तोंडातून निघाला की व्यवहार संपला. आजोबांनी ती कुठून आणली, कुठल्या गिरणीत किंवा कचेरीत तिच्यावरून जात, हे ऐकून घ्या आणि वहीत उतरवून ठेवा. कधी आजी सायकल विकत नाहीत, चहा पाजून परत पाठवतात. तरीही वेळ फुकट गेला असं मला वाटलेलं नाही.

घेताना एक नियम पाळा: चकचकीत पण अर्धवट सायकलीपेक्षा कळकट पण पूर्ण सायकल घ्या. गंज निघतो, टायर मिळतो. अठ्ठावीस इंची, दीड इंच रुंदीचे टायर आपल्याकडे अजून सहज मिळतात, कारण तशा सायकली अजून बनतात. हरवलेलं मूळ चेनकव्हर, दिव्याचा ब्रॅकेट, त्याच घराण्याचं चेनव्हील मात्र शोधत बसावं लागतं आणि विकणारे तुमची गरज ओळखून भाव सांगतात. फ्रेमचा नंबर सीटच्या लगवर, मागच्या चाकाच्या खाचेजवळ किंवा बीबीखाली असतो. तो लिहून, विकणाऱ्याची सही घेऊन एक साधी पावती करा. बाजारात घेत असाल तर नक्कीच.

घरी आणल्यावर

पहिले काही दिवस फक्त फोटो काढा: प्रत्येक सांधा, प्रत्येक वॉशर कुठे होता ते. मग कोरड्या ब्रशने धूळ, मग साबणाच्या पाण्याचं पिळलेलं फडकं. रंग करायचा विचार महिनाभर तरी पुढे ढकला. मूळ रंग एकदा गेला की गेला. खरवडून नवा चमकदार रंग मारलेली सायकल मला मेकअप उतरवायला विसरलेल्या नटासारखी दिसते.

क्रोमवर वरवरचा गंज असेल तर अॅल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलकं घासा, नाहीतर अगदी बारीक स्टील वूल तेलात बुडवून. जुन्या सायकलींच्या काही भागांवर क्रोमऐवजी निकेल असतं. त्याची झाक किंचित पिवळसर, उबदार. त्यावर पीतांबरी किंवा चिंच घासू नका. पितळी तांब्याला जे चालतं ते पातळ मुलाम्याला चालत नाही.

खोलताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात आणि इंग्लिश पद्धतीच्या बीबीत चेनच्या बाजूचा कपही उलट्या आट्यांचा. इंग्लंडच्या सायकलींचे नट इंची मापाचे असतात, मिलिमीटरचा पाना लावला तर कोपरे गोल होतात. आणि कॉटर पिन: आदल्या रात्री तेल सोडा, नट पिनच्या टोकापर्यंत ढिला करा पण काढू नका, क्रँकखाली भक्कम नळीचा टेकू द्या आणि मग एकच जोरदार घाव. टेकूशिवाय ठोकत बसलात तर पिन वाकते आणि छर्ऱ्यांना खड्डे पडतात.

हे स्वतः करण्याआधी एखाद्या जुन्या मिस्त्रीकडे बसा. पूर्वी तासावर सायकली भाड्याने देणाऱ्या दुकानांत तयार झालेले हात अजून शहरात आहेत. काळबादेवीच्या सायकल दुकानांत पार्ट घेता घेता विचारलं की पत्ता मिळतो. मिस्त्रींना ओव्हरहॉलिंगचे पूर्ण पैसे द्या, वर बसून बघू देण्याचेही द्या, आणि घासाघीस दुसरीकडे करा.

मुंबईची हवा खारी, त्यामुळे राखण महत्त्वाची. रंगावर आणि क्रोमवर गाडीचं मेण लावा. पावसात भिजली तर सीटची नळी काढून सायकल उलटी करा, कारण पाणी सीटच्या नळ्यातून आत उतरतं आणि फ्रेम आतून गंजते. कोरडी झाली की त्याच नळ्यातून थोडं तेल सोडून सायकल सगळीकडे कलती करा. खाली वर्तमानपत्र अंथरा, नाहीतर घरात पुढे सायकलीचं नाव काढायची सोय राहणार नाही. हबच्या टोपणातून पातळ तेल सोडायचं, ग्रीस नव्हे.

मग एखाद्या रविवारी सकाळी सहाला फोर्टातून बॅलार्ड इस्टेटपर्यंत चालवा. रस्ते रिकामे असतात आणि सपाट. सोबत पाना ठेवा. नव्या कॉटर पिना पहिल्या काही किलोमीटरांत थोड्या आत बसतात आणि नट ढिले पडतात. परत आल्यावर ते आवळा, पुढच्या फेरीनंतर पुन्हा एकदा.